विकायचे घर दाखवण्याजोगे करताना: सोलापुरातील घरमालकांसाठी कमी खर्चाची पद्धत

जुळे सोलापुरातील आमच्या नात्यातले एक घर विकायला काढले होते, तेव्हा ते पाहायला एक कुटुंब आले. मुलगा आणि सून हॉलमध्ये उभे राहून नव्या पडद्यांकडे पाहत होते. त्यांच्यासोबत आलेल्या आजी मात्र सरळ मागच्या बाजूला गेल्या, हौदाचे झाकण सरकवून ओणव्या होऊन आत डोकावल्या, मग मोरीतला नळ सोडून त्याची धार पाहिली आणि परत येताना स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून ओल आहे का ते चाचपले. मग त्यांनी विचारले, "पाणी कितव्या दिवशी येतंय हो? आणि हौद शेवटचा धुतला कधी?" पडद्यांवर साडेचार हजार रुपये खर्च झाले होते आणि हौद मात्र दीड वर्षात धुतलेला नव्हता. ते घर त्या कुटुंबाने घेतले नाही.

विक्रीपूर्वी घर सजवून दाखवण्याला हल्ली होम स्टेजिंग म्हणतात आणि त्यावर पुण्या-मुंबईकडे मोठा खर्चही केला जातो. सोलापुरात घर घेणारा माणूस पाणी, ऊन, फरशी आणि ओल या चार गोष्टी आधी पाहतो आणि शोभेकडे नंतर वळतो. म्हणून हातात पैसा कमी असेल, तर तो आधी याच चार गोष्टींवर खर्च करावा. पुढे दिलेली पद्धत एका मध्यम आकाराच्या, दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी आहे आणि तिला साधारण तीन आठवडे लागतात.

आधी खर्चाची वाटणी

समजा, हातात १५ हजार रुपये आहेत. मी त्यांची वाटणी अशी करीन: प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि किरकोळ गवंडीकाम यांसाठी ४ हजार, दोन खोल्यांच्या रंगासाठी ६ हजार, सफाईच्या सामानासाठी आणि मदतनीसाच्या मजुरीसाठी दीड हजार, दिव्यांसाठी दीड हजार, गच्चीच्या चुन्यासाठी १ हजार आणि उरलेले १ हजार अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे. नवे सोफे, खोटी फुले, भिंतीवरचे स्टिकर आणि पडदे यांना या वाटणीत जागा नाही. ज्या वस्तू आपण निघताना सोबत नेणार आहोत, त्यांच्यावर खर्च केल्याने घराची किंमत वाढत नाही.

पहिल्या दिवशी वही आणि पेन घेऊन घराबाहेर जावे, फाटकातून एखाद्या परक्या माणसासारखे आत यावे आणि नजरेत खुपेल ते सर्व लिहून काढावे. आपल्या डोळ्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने काही दोष दिसेनासे झालेले असतात, म्हणून हे काम शेजारच्या किंवा नात्यातल्या स्पष्टवक्त्या व्यक्तीकडून करून घेतले तर अधिक चांगले. यादी तयार झाली की प्रत्येक बाबीपुढे "फुकट", "थोडा खर्च" आणि "मोठा खर्च" यांपैकी एक शेरा मारावा आणि सुरुवात फुकटच्या कामांपासून करावी.

पाण्याची व्यवस्था डोळ्यांना दिसली पाहिजे

उजनी धरण, भीमेवरील टाकळी आणि हिप्परगा तलाव यांतून सोलापूर शहराला पाणी येते, पण घरातल्या नळाला ते रोज येत नाही. त्यामुळे घरात साठवण किती आहे हा ग्राहकाच्या दृष्टीने खोल्यांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो. याचे उत्तर "भरपूर आहे" असे न देता लिटरमध्ये द्यावे. हौदाची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणावे. उदाहरणार्थ, ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ५ फूट खोल हौदाचे घनफळ १२० घनफूट होते, म्हणजे त्यात सुमारे ३,४०० लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ६७५ लिटर लागतात आणि असा हौद पाच दिवस पुरतो. त्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी वेगळे. हा हिशेब एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून पंपाच्या बटणाजवळ चिकटवला, तर पाहायला आलेल्याच्या मनातला मोठा प्रश्न त्याने विचारण्याआधीच सुटतो.

हौद रिकामा होत आला की नळाच्या आदल्या दिवशी तो धुऊन घ्यावा. आतल्या भिंती ब्रशने घासाव्यात, तळाचा गाळ काढावा, गंजलेले झाकण घासून त्याला काळा किंवा करडा ऑइल पेंट द्यावा. गच्चीवरच्या टाकीचे झाकण तुटले असेल तर नवे बसवावे. बोअर असल्यास त्याची खोली, मोटार किती अश्वशक्तीची आहे आणि उन्हाळ्यात पाणी टिकते का, हे खरेखुरे सांगावे. उन्हाळ्यात बोअर आटत असेल तर तेही सांगावे, कारण शेजारी ते सांगणारच आहेत.

गळणारे नळ दुरुस्त करणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम आहे. बहुतेक नळांचे फक्त वायसर बदलावे लागते. ज्या गावात पाणी दिवस मोजून येते, तिथे ठिबकणारा नळ पाहून माणसाच्या मनात घरमालकाविषयीच शंका येते.

फरशी: येथे घाईने नुकसान होते

सोलापुरातील जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा मोठ्या प्रमाणावर आढळतो. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि चुनखडीला आम्ल लागले की तिचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो, तिची चमक जाते आणि तो डाग पुन्हा निघत नाही. बाजारात फरशी साफ करण्यासाठी मिळणारे ॲसिड, तसेच लिंबू, व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व यांतील काहीही शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्यावर टाकू नये. मोझॅक टाइल्समध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, त्यामुळे त्यांनाही हाच नियम लागू होतो. विक्रीची घाई आहे म्हणून सफाई कामगाराने सगळ्या घरात ॲसिड ओतले आणि चाळीस वर्षे गुळगुळीत राहिलेली फरशी एका दुपारी पांढुरकी पडली, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

योग्य पद्धत अशी आहे. प्रथम कोरडा केर काढावा. कोमट पाण्यात साबणाची पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा मिसळून ते मिश्रण फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. फरशांच्या सांध्यांत वर्षांची काळी माती बसलेली असते. ती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली आणि रिकामे झालेले सांधे पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा करडा रंग मिसळून भरले, तर सगळी खोली नव्याने बांधल्यासारखी दिसते. कडप्प्याचा ओटा धुऊन पूर्ण वाळल्यावर त्यावर खोबरेल तेलाचे अगदी चार थेंब कापडाने चोळावेत आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसावेत. त्याचा मूळचा काळा रंग उठून येतो.

तेलाचे जुने डाग असल्यास खडूची पावडर आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून दाट लेप करावा, तो डागावर बोटभर जाडीचा थापावा, वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवावा, मग झाकण काढून लेप वाळू द्यावा आणि खरवडून टाकावा. डाग जुना असेल तर हे दोन-तीन वेळा करावे लागते. शहराच्या पूर्व भागातील ज्या घरांच्या पुढच्या खोलीत कधीकाळी माग चालत होता, त्यांच्यासाठी हा उपाय विशेष उपयोगाचा आहे. अशा घरांत छताला आणि पंख्याला सुताचे बारीक तंतू चिकटलेले असतात. ते ओल्या फडक्याने पुसू नयेत, आधी कोरड्या झाडूने पूर्ण उतरवावेत, नाहीतर त्यांचा लगदा होऊन भिंतीला बसतो. मागाच्या जागेचे खड्डे सिमेंटने भरून एकसारखे करून घ्यावेत, म्हणजे ती खोली राहण्याची खोली आहे हे नव्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

बोअरच्या जड पाण्याने नळांवर, शॉवरवर आणि सिरॅमिक टाइल्सवर पांढरे क्षार बसतात. इथे मात्र लिंबूसत्त्व चालते. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवले की क्षार सुटतात. त्याचे ओघळ खालच्या शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्यावर पडणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

ओल आणि रंग

ओल झाकण्यासाठी रंग लावू नये. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो आणि उन्हाळ्यात विकलेल्या घराच्या भिंतीचे खरे रूप तेव्हा बाहेर येते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, ग्राहकाला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. म्हणून आधी कारण शोधावे. पोपडे छताजवळ असतील तर गच्चीचा उतार, तिथल्या भेगा आणि पन्हळ तपासावी. भिंतीच्या मध्यभागी असतील तर पलीकडे मोरी किंवा पाण्याचा पाइप आहे का ते पाहावे. दुरुस्तीनंतर भिंत वाळली का, हे पाहण्यासाठी फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. काढताना आत दव जमलेले दिसले, तर रंगाऱ्याला आणखी आठवडाभर थांबवावे.

सगळे घर रंगवणे परवडत नसेल, तर पुढची खोली आणि स्वयंपाकघर एवढेच रंगवावे, पण जी भिंत घ्याल ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण घ्यावी. डागापुरताच हात मारला तर ठिगळ अधिक उठून दिसते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीच्या भिंती, दारे-खिडक्या वगळून, सुमारे ४०० चौरस फूट भरतात, आणि दोन हातांसाठी साधारण चार लिटर इमल्शन लागते. भिंतीवर तळहात फिरवल्यावर हाताला पांढरे लागत असेल, तर खाली जुना चुना आहे असे समजावे. त्यावर थेट इमल्शन दिल्यास ते काही महिन्यांत पापुद्र्यासारखे सुटते, म्हणून आधी खरवडून, काचकागद मारून प्रायमर द्यावा. तेवढे पैसे नसतील, तर पुन्हा चुन्याचाच स्वच्छ हात द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. रंग फिकट मोतिया किंवा पांढरा घ्यावा. गडद निळी किंवा जांभळी भिंत आपल्याला कितीही आवडत असली, तरी ती पाहून नव्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार रंगाच्या खर्चाचा येतो.

ऊन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि वर स्लॅब असलेल्या खोलीत दुपारी उभे राहवत नाही. गच्चीला चुना देणे हा यावरचा स्वस्त आणि जुना उपाय आहे. कळीचा चुना आदल्या दिवशी मोठ्या पिंपात भिजवावा, तो भिजताना उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची पातळ बादली वापरू नये, मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांची काळजी घ्यावी. दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळून त्यात फेविकॉलसारखा डिंक मिसळावा. झाडून स्वच्छ केलेली गच्ची थोडी ओली करून संध्याकाळच्या वेळी पातळ असे दोन-तीन हात द्यावेत. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परतते आणि खालची खोली पूर्वीइतकी तापत नाही. गच्चीवर चढलेल्या ग्राहकाला स्वच्छ पांढरी गच्ची दिसते, हा आणखी एक फायदा.

खिडकीत बसवलेल्या कूलरचाही विचार करावा. तो चालू स्थितीत नसेल तर काढून टाकावा, त्याच्या स्टँडने गंजाचे ओघळ सोडले असतील तर तेवढी बाहेरची भिंत पुसून घ्यावी, आणि खिडकी उजेडासाठी मोकळी करावी. पंख्याची पाती धुवावीत. पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. साध्या छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो आणि तो स्वस्तात मिळतो, मात्र बदलण्याचे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

पसारा, वास आणि उजेड

पोटमाळ्यावरचे रिकामे डबे, बंद पडलेली शिलाई मशीन, लग्नातली मोठी पातेली, जुन्या गाद्या हे सर्व आधीच हलवावे. आपल्याला घर सोडायचेच आहे, तेव्हा हे काम आज ना उद्या करावेच लागणार. भंगारवाल्याला दिलेल्या सामानातून दिव्यांचा खर्च निघतो, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक कपाटाचा निदान एक कप्पा रिकामा ठेवावा, कारण पाहणारे कपाट उघडतातच, आणि ठासून भरलेले कपाट पाहिले की घरात जागा कमी आहे असा त्यांचा समज होतो. मात्र घर ओके-बोके करू नये. पूर्ण रिकाम्या खोलीत पलंग कुठे मावेल याचा अंदाज येत नाही. एक पलंग, त्यावर घडी न मोडलेली सोलापुरी चादर, मोरीबाहेर धुतलेला टर्किश टॉवेल आणि ओट्यावर घासलेला पितळी तांब्या, एवढे पुरेसे आहे. या वस्तू बहुतेक सोलापूरकरांच्या ट्रंकेत असतातच, त्या विकत आणाव्या लागत नाहीत.

घर काही आठवडे बंद असेल तर एक गोष्ट आवर्जून करावी. मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साचलेले असते आणि तेच गटाराचा वास अडवते. इथल्या उन्हात ते पाणी आटते आणि मग दार उघडताच सगळे घर वास मारते. दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक जाळीत आणि संडासात तांब्याभर पाणी ओतावे. या वासावर उदबत्ती लावली तर दोन्ही वास मिसळतात आणि पाहणारा अधिक सावध होतो.

दिव्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो की एका खोलीत एकाच रंगाचे एलईडी लावावेत, तुटलेल्या स्विचबोर्डच्या पट्ट्या बदलाव्यात आणि बेल वाजते का ते पाहावे.

फोटो आणि दाखवण्याची वेळ

फोटो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून छातीच्या उंचीवरून आणि फोन आडवा धरून काढावेत. आधी फोनची काच पुसावी. घरातल्या माणसांच्या तसबिरी, मुलांची नावे असलेली प्रमाणपत्रे आणि वाहनाचा क्रमांक फोटोत येऊ देऊ नये. हौद, पंप आणि गच्ची यांचेही फोटो द्यावेत. जाहिरातीत बहुतेक लोक ते देत नाहीत, आणि लोक नेमके तेच विचारतात.

उन्हाळ्यात घर सकाळी दहाच्या आत किंवा साडेपाचनंतर दाखवावे. पाण्याच्या दिवशी घरात बादल्या, पाइप आणि धावपळ असते, म्हणून दुसरा दिवस धरावा, तेव्हा हौद भरलेला असतो. ग्राहकाला नळाची धार पाहायची असेल तर त्याला पुढच्या पाण्याच्या दिवशी पुन्हा बोलवावे. जो दुसऱ्यांदा येतो, तो घेण्याच्या विचारात असतो. पितृपक्षात फारसे कोणी येत नाही, तेव्हा तो पंधरवडा दुरुस्तीसाठी वापरावा आणि दसऱ्याच्या आत घर तयार ठेवावे. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या आतही घर असेच तयार ठेवावे.

घर दाखवायच्या दिवशी उंबरठा धुवावा, छोटी रांगोळी काढावी, तुळशीला पाणी घालावे. घरातल्या एकाच व्यक्तीने सोबत फिरावे आणि बाकीच्यांनी बाहेर बसावे. वडीलधारी मंडळी आली असतील तर त्यांना आधी बसायला खुर्ची आणि पाणी द्यावे, आणि मग त्यांना हवे ते मोकळेपणाने उघडून पाहू द्यावे.

टेबलावर एक फाइल ठेवावी. त्यात खरेदीखताची आणि सूची क्रमांक २ ची प्रत, मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, बांधकाम परवाना, महापालिकेच्या मिळकत कराची आणि पाणीपट्टीची चालू वर्षाची पावती आणि शेवटचे वीजबिल असावे. जागा गुंठेवारीतील असेल तर नियमितीकरणाची कागदपत्रे वर ठेवावीत. मूळ कागद हाती देऊ नयेत, छायाप्रती दाखवाव्यात.

याच फाइलमध्ये शेवटचे पान म्हणून घरासोबत काय राहणार आणि काय जाणार याची यादी लावावी: पंखे किती, गिझर, पंप, गच्चीवरची टाकी, इन्व्हर्टर, खिडक्यांच्या जाळ्या. विसार देण्याच्या दिवशी होणारी बरीचशी कटकट अशाच वस्तूंवरून होते. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत ग्राहकाकडे द्यावी.